मोरनाळच्या भीमव्वा

बेंगळुरूच्या कुमार कृपा रस्त्यावर कर्नाटक चित्रकला परिषदेचं आवार आहे. जानेवारीत तिथे ‘चित्रसंते’ भरते तेव्हा सगळा रस्ता चित्रांनी आणि माणसांनी फुलून जातो. एरवी माणसं येतात ती रोरिक पितापुत्रांची चित्रं पाहायला, केजरीवाल संग्रह पाहायला. 1960 साली उभ्या राहिलेल्या या संस्थेत पाहण्यासारखं पुष्कळ आहे. माझ्या मते मात्र इथला सगळ्यांत मोलाचा ठेवा म्हणजे चामड्याच्या बाहुल्या. कन्नडमध्ये ‘तोगलु गोंबे’. या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ म्हणजे ‘तोगलु गोंबेयाट’.

दहा तोंडांचा रावण, शेपटी उंचावलेला हनुमान, रथासकट राम-लक्ष्मण-सीता, कमळ हातात घेतलेली देवी. कातडं इतकं खरवडून पातळ केलेलं की मागून उजेड आला की लाल, हिरवा, काळा रंग काचेसारखा पेटतो. दागिन्यांच्या जागी, लुगड्याच्या काठावर, मुकुटावर बारीक बारीक छिद्रं पाडलेली. उजेड त्यांतून ठिपक्याठिपक्यांनी बाहेर येतो आणि नथ खरोखर चमकते. ओडिशाच्या ‘रावणछाया’ या सावल्यांच्या खेळात पडद्यावर नुसती काळी सावली पडते, आंध्रातल्या बाहुल्या माणसाच्या उंचीच्या आणि सांध्यासांध्यांतून हलणाऱ्या असतात. कर्नाटकात बरेचदा अख्खा प्रसंगच एका कातड्यावर कोरलेला असतो. पात्राची उंची त्याच्या मानाप्रमाणे ठरते. देव आणि राजे मोठे, सेवक आणि प्रजा लहान.

या बाहुल्या इथे आल्या त्या परिषदेच्या उभारणीचे प्रमुख शिल्पकार एम. एस. नंजुंड राव यांच्या चिकाटीमुळे. चित्रकाराची नजर असलेल्या या माणसाला कळलं होतं की खेड्यापाड्यांत पेटाऱ्यांत बंद पडलेलं हे चित्रकलेचं एक आख्खं घराणं आहे आणि ते भराभर नाहीसं होतंय. खेळ करणाऱ्या घरांमध्ये रीत अशी की जीर्ण झालेली बाहुली फेकायची नाही, तिचं नदीत विसर्जन करायचं. जी माणसाचं रूप घेऊन देवाची कथा सांगते तिला देवासारखाच निरोप. रीत म्हणून ही फार सुंदर, पण जुनं काम त्यामुळे पाण्यातच जातं. शिवाय त्याच काळात परदेशी संग्राहकही खेड्यांपर्यंत पोचले होते. दक्षिण भारतातल्या किती तरी बाहुल्या आज जर्मनीतल्या संग्रहालयांत आहेत. नंजुंड राव यांनी गावोगाव हिंडून बाहुल्या जमवल्या, त्यांवर लिहिलं. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

तरीही त्या दालनात उभं राहिल्यावर उणीव जाणवते ती आवाजाची. रामायण इथे आहे, पण ते कुणी म्हणत नाही. या बाहुल्या मुळात पाहण्यासाठी केलेल्याच नाहीत, ऐकण्याला सोबत म्हणून केलेल्या आहेत. रात्रभर चालणाऱ्या गाण्याचं आणि बोलण्याचं दिसणारं अंग म्हणजे बाहुली. जे ऐकायचं असतं ते कातड्यात नाही, पडद्यामागे बसलेल्या माणसांच्या गळ्यात आहे. आणि त्या माणसांमध्ये नेहमीच एक बाई असते.

25 जानेवारी 2025 ला पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि त्यात एक नाव आलं: भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर. गाव मोरनाळ, जिल्हा कोप्पळ. वय 96. राष्ट्रपती भवनात द्रौपदी मुर्मू यांच्या हातून त्यांनी पद्मश्री घेतली. कर्नाटक सरकारने त्यांचा गौरव आधीच केलेला होता. चौदाव्या वर्षापासून हा खेळ करणाऱ्या भीमव्वांची सत्तरहून अधिक वर्षं रामायण-महाभारत सांगण्यात गेली. त्यांच्या घरच्या मंडळीने अमेरिका, फ्रान्स, इटली, इराण, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स अशा देशांत हा खेळ नेला.

वयाचा हिशेब मांडला की या बाईच्या आयुष्याची लांबी कळते. त्या जन्मल्या तेव्हा कोप्पळ निजामाच्या राज्यात होतं, जसा आपला मराठवाडा होता. त्यांनी खेळ शिकायला सुरुवात केली तेव्हा निजामाचाच अंमल होता. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा त्या विशीच्या उंबरठ्यावर होत्या. 1956 ला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, 1973 ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. इतके शिक्के बदलले आणि पडद्यावरचा राम तोच राहिला. शिवाय जागा कोणती पाहा. कोप्पळ जिल्ह्यातच आनेगुंदी आहे, अंजनाद्री आहे. तुंगभद्रेकाठचा हा खडकाळ मुलूख लोक किष्किंधा म्हणून ओळखतात. वाली-सुग्रीवाचं भांडण ऐकायला बसलेल्या शेतकऱ्याला सुग्रीवाचा डोंगर कुठे ते कुणी सांगावं लागत नाही.

शिळ्ळेक्यात, किळ्ळेक्यात, कटबू अशा वेगवेगळ्या नावांनी हा समाज ओळखला जातो. तो भटका. नदीत मासे धरणं हा एक धंदा आणि बाहुल्यांचा खेळ हा दुसरा. कर्नाटकात तो अनुसूचित जातींच्या यादीत आहे. किळ्ळेक्यात हे या खेळातलं विदूषकाचंही नाव. गणपती आणि सरस्वती येऊन गेली की पडद्यावर काळा, वेडाविद्रा किळ्ळेक्यात येतो आणि त्याची बायको बंगारक्का. दोघं कचाकचा भांडतात, चावट बोलतात, गावच्या पाटलापासून सावकारापर्यंत कुणालाही सोडत नाहीत. रामाच्या वनवासाने डोळे ओले झालेले असताना मध्येच ही जोडी येते आणि लोक हसून गडबडा लोळतात. अख्ख्या समाजाला त्याच्या विदूषकाच्या नावाने हाक मारली जाते याचं मला नेहमी नवल वाटतं.

खेळ लागायचा तो रात्रीची जेवणं उरकल्यावर आणि संपायचा झुंजुमुंजू झाल्यावर. देवळापुढे किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत चार खांब रोवायचे, पांढरं कापड ताणायचं, बाकीच्या बाजू घोंगड्यांनी बंद करायच्या. आत एरंडेलाचा दिवा. पुढे गॅसबत्ती आली, मग विजेचा दिवा. जुनी माणसं म्हणतात त्यात तथ्य आहे: तेलाच्या दिव्याची ज्योत हलते, म्हणून सावलीही श्वास घेतल्यासारखी हलते, बल्बच्या उजेडात ती ताठ उभी राहते. पाऊस ओढ देऊ लागला, गुरांवर रोग आला की गाव वर्गणी काढून खेळ मांडायचं. पावसासाठी विराटपर्व लावायचं ही दक्षिणेत फार जुनी समजूत आहे. म्हणजे खेळवाला नुसता करमणूक करणारा नव्हता, गावाला अडल्यावेळी त्याची गरज लागायची. ही गरज होती म्हणून धान्य मिळायचं, आणि धान्य मिळत होतं म्हणून पुढची पिढी हे शिकायची. वारसा टिकतो तो अशा व्यवहारावर.

बाहुली तयार करायची तर शेळीचं कातडं भिजवायचं, केस आणि आतला थर खरवडून काढायचा, ताणून वाळवायचं. मग टोकदार लोखंडाने आकृती ओरखडायची, छिन्नीने नक्षी पाडायची, दोन्ही बाजूंनी रंग भरायचा. शेवटी उभ्या चिरलेल्या बांबूच्या कामटीत ती पकडायची. जुन्या संचांत हरणाच्या कातड्याच्या बाहुल्याही सापडतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पेटाऱ्यात बाहुल्या ठेवण्याचाही क्रम असतो. देव वेगळे, राक्षस वेगळे. राम आणि रावण एकमेकांना चिकटून झोपत नाहीत.

भीमव्वांना पद्मश्री मिळाल्यावर अनेक बातम्यांत एक वाक्य होतं: पुरुषांच्या क्षेत्रात पाऊल टाकणारी स्त्री. कौतुक मनापासूनचं होतं, पण त्या वाक्याने पडद्यामागचं खरं चित्र झाकलं जातं. हा खेळ कधीच एकट्या पुरुषाचा नव्हता, तो कुटुंबाचा आहे. नवरा बाहुली नाचवतो, मुलगा ढोलकी किंवा टाळ धरतो, बायको गाते. सीता, मंदोदरी, द्रौपदी, कुंती यांचं बोलणं तिच्याकडे. तान्हं मूल मांडीवर घेऊन बायका रात्र रात्र गातात. सगळ्या पदांचा, सगळ्या प्रवेशांचा क्रम त्यांनाही तोंडपाठ असतो, कारण छापील संहिता कुणाकडे नाही. अडलेल्या ठिकाणी नवऱ्याला ओळ पुरवायची ती बाईनेच. मग क्षेत्र पुरुषांचं ठरलं कसं? मानधन घेणारा, गावच्या पंचांशी बोलणारा, संशोधकाच्या वहीत नाव जाणारा पुरुष होता म्हणून. बाहुली दिसते, तिचा संग्रह करता येतो. गाणारी बाई पडद्याआड असते आणि तिच्या गळ्याचा संग्रह करायला फार थोडे लोक गेले. भीमव्वांनी नवं पाऊल टाकलं असेल तर ते पडद्यामागून पुढे येण्याचं. मंडळीची सूत्रं हाती घेण्याचं, मुला-नातवंडांना शिकवण्याचं, स्वतःच्या नावाने ओळखलं जाण्याचं. त्या पुढे आल्या म्हणून मागच्या कैक पिढ्यांतल्या बायका दिसू लागल्या.

आता मराठी वाचकाच्या जवळची गोष्ट. एडगर थर्स्टनचा दक्षिणेतल्या जातीजमातींवरचा कोश 1909 साली आला. त्यात किळ्ळेक्यात हे मूळ मराठा मुलखातले लोक असल्याची नोंद आहे. त्याहून मोठा पुरावा घरात आहे. पडद्यावर चोख कन्नड बोलणारा हा समाज घरी आपसांत मराठीच्या कुळातली बोली बोलतो. ही गोष्ट एकट्या कर्नाटकाची नाही. आंध्रात अनंतपूरकडच्या निम्मलकुंट्याचे बाहुलीकार, त्यांतल्या दळवाई चलपती राव यांना 2020 साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या समाजाची घरची बोली मराठी वळणाची. तामिळनाडूत हाच चामडी बाहुल्यांचा खेळ, ‘तोलपावैकूत्तु’, करणारी राव आडनावाची घराणी स्वतःला मराठे म्हणवतात आणि घरात मराठी वळणाचं बोलतात. तंजावरला 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांचं राज्य आलं, त्याच्याशी काही जण याचा धागा जोडतात. कर्नाटकातली घराणी मात्र त्याच्याही आधी उतरली असावीत असं मला वाटतं. भटक्या माणसाला राजाच्या मोहिमेची वाट पाहावी लागत नाही.

आणि आपल्याकडे? कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर आदिवासींच्या घरांत चित्रकथीच्या पोथ्या आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत आणि याच पद्धतीच्या चामड्याच्या बाहुल्याही आहेत. सावंतवाडीच्या भोसल्यांनी या कलेला आश्रय दिला. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, त्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पिंगुळी, कोप्पळ, निम्मलकुंटा, मदुरा असा हा पट्टा नकाशावर जोडून पाहिला की थक्क व्हायला होतं. सीमाभागातल्या एकेका गावाची मराठी आपण कोर्टात मोजतो आहोत आणि ते मोजायलाच हवं. पण डोक्यावर बाहुल्यांचा पेटारा घेऊन जी मराठी पार पांड्यांच्या मुलखापर्यंत चालत गेली, तिच्यासाठी मागणी करणारं कुणी नाही. या लोकांनी दुसऱ्यांच्या भाषेत रामायण सांगितलं, त्या भाषांची सेवा केली, आणि चूल पेटवताना, मुलाला रागे भरताना आपली बोली जपली. ती बोलीही पुन्हा बायकांनीच जपली.

पडझड कशाने झाली हे उघड आहे. आधी फिरता सिनेमा आला, मग 1987-88 मध्ये दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण दिसू लागलं. पावसासाठी खेळ मांडणाऱ्या गावात बोअरवेल आली. पोट भरेना तसे अनेकांनी पेटारे विकले. निम्मलकुंट्यातल्या कारागिरांनी त्याच कौशल्याने दिव्याच्या शेड करायला घेतल्या. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. त्या कामाने चूल पेटते आणि छिन्नी हातात राहते. पण शेडला कथा लागत नाही, गाणं लागत नाही, म्हणून त्या धंद्यात बाई रंग भरणारी उरते, गाणारी उरत नाही.

बळ्ळारीच्या बेळगल्लु वीरण्णांनी वेगळी वाट धरली. याच समाजातल्या या कलावंताने स्वातंत्र्यलढा चामड्याच्या बाहुल्यांतून उभा केला, गांधीजींच्या आयुष्यावर खेळ बसवला. शेंडीवाल्या ऋषीशेजारी चष्म्यातले बापू पडद्यावर आले आणि लोकांनी ते आपलेसे केले. 2023 साली अपघातात ते गेले. एक माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर किती प्रवेश जातात याचा हिशेब लागत नाही.

त्याच कर्नाटकात, कारवारच्या बाजूला, अंकोल्याजवळच्या बडगेरीला हालक्की समाजाच्या सुक्री बोम्मगौडा होत्या. लग्नाची, पेरणीची, जत्रेची हजारो गाणी त्यांना पाठ. गावातल्या दारूविरुद्ध त्या उभ्या राहिल्या, 2017 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आकाशवाणीच्या कारवार केंद्राने त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, म्हणून ती आज ऐकता येतात. भीमव्वांचं नाव जाहीर झालं आणि तीन आठवडे उलटायच्या आत, 13 फेब्रुवारी 2025 ला, सुक्रीअज्जी गेल्या. एका रेडिओ केंद्राने वेळेवर केलेल्या कामाचं मोल अशा वेळी कळतं.

ऑस्ट्रेलियातली एक आजीही या संदर्भात आठवते. एमिली केम कंगवारे, आदिवासी अनमाटियर समाजाची, जन्म 1910 च्या आसपासचा. वाळवंटातल्या बायका विधीच्या वेळी अंगावर रेघा ओढून जी गाणी म्हणतात त्यांची ती जाणकार. 1977 च्या सुमारास ती बाटिक शिकली आणि सत्तरी उलटून बरीच वर्षं गेल्यावर तिने कॅनव्हासवर रंग घेतले. 1996 साली मरेपर्यंत, जेमतेम आठ वर्षांत, तिने हजारो चित्रं केली. 2025 साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये तिचं मोठं प्रदर्शन भरलं. कॅनव्हास भिंतीवर टांगता येतो, विकता येतो, म्हणून जगाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या समाजाचे लोक मात्र सांगतात की चित्रामागे गाणं आहे आणि गाण्यामागे जमीन आहे. भीमव्वांच्या बाबतीत चित्र गाण्यापासून सुटं झालं, बेंगळुरूला आणि परदेशात जाऊन पोचलं. गाणं आणि जमीन कोप्पळला राहिली.

बेंगळुरूत करण्याजोगं खूप आहे. बनशंकरीकडची ‘धातु’ ही संस्था बाहुल्यांचे महोत्सव भरवते. शहराबाहेर म्हैसूर रस्त्यावर, रामनगरजवळ, एच. एल. नागेगौडांनी उभं केलेलं जानपद लोक आहे. महोत्सवातला खेळ मात्र एका तासात आटपावा लागतो. रात्रभराच्या कथेतला लंकादहनाचा तुकडा तेवढा उचलला जातो, कारण तो डोळ्यांना भावतो. मंदोदरी रावणाची समजूत घालते तो लांब प्रवेश, जिथे गाणारीचा कस लागतो, तो तासाभरात बसत नाही. परिषदेच्या दालनात बाहुल्यांशेजारी ऐकण्याची सोय करावी, त्या त्या प्रवेशाचं पूर्ण गाणं भीमव्वांच्या किंवा त्यांच्या घरच्या बायकांच्या आवाजात लावावं, त्याचं मानधन त्यांना द्यावं. आणि वर्षातून एकदा तरी त्याच आवारात अख्खी रात्र पडदा ताणावा. हे मोठ्या खर्चाचं काम नाही.

आपल्या वाट्याचंही काम आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन माणसांच्या तोंडून शब्द आणि गोष्टी मुद्रित केल्या. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यामुळे भाषेच्या अभ्यासासाठी केंद्राकडून पैसाही मागता येतो. त्या सर्वेक्षणाची हद्द महाराष्ट्रापाशी थांबवू नये. एक गट कोप्पळ आणि बळ्ळारीला जावा, दुसरा अनंतपूरला, तिसरा मदुरेला. बरोबर पिंगुळीतली एखादी जाणती ठाकर बाई असावी. तिला प्रश्नावली लागणार नाही. पेटारा उघडला की काय विचारायचं ते तिला ठाऊक आहे. आणि सुरुवात मोरनाळपासून करावी, यंदाच.